निळी पूररेषा निळीच छापा

गोदावरीच्या पूररेषांचा नकाशा पेपरात जांभळ्या रंगात छापणं हा माझ्या मते निव्वळ बेजबाबदारपणा आहे. गेल्या पावसाळ्यात आपल्या नाशिकमधल्या एका दैनिकाने तो केला. नाव घेत नाही, कारण ही खोड त्या एकट्याची नाही.

नदीकाठी घर किंवा प्लॉट असलेल्या कुठल्याही नाशिककराला विचारा, निळी रेषा आणि लाल रेषा म्हणजे काय ते तो सांगेल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळ्यापासून लालपर्यंत नियंत्रित क्षेत्र. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर हे शब्द इथे घराघरात बोलले जाऊ लागले. लोकांची आयुष्यभराची कमाई या दोन रेषांच्या अलीकडे-पलीकडे अडकलेली आहे.

आणि त्या दिवशी पानाची ‘थीम’ जांभळी होती म्हणून दोन्ही रेषा जांभळ्या. एक गडद, एक फिकी. शेजारचे काका पेपर घेऊन माझ्याकडे आले आणि विचारू लागले, “अहो, यातली निळी कुठली?” मी अनेक वर्षं पेपरची पानं लावली आहेत. मलाही सांगता येईना. फिकी रेषा कागदावर जवळजवळ उमटलीच नव्हती.

असं का होतं ते सांगतो. पेपरात चारच शाया असतात: सायन (आकाशी निळी), मॅजेन्टा (गडद गुलाबी), पिवळी, काळी. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी. बाकी सगळे रंग या चार शायांच्या बारीक ठिपक्यांतून तयार होतात. भिंग असेल तर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीचा पेपरातला एखादा फोटो घ्या आणि त्याच्या शेंदरी रंगावर धरा. शेंदरी कुठेच सापडणार नाही. पिवळे ठिपके, त्यांच्यावर मॅजेन्टाचे ठिपके, मधूनमधून कागदाचा मळकट पांढरा. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर हे ठिपके बारीक आणि दाट बसतात. न्यूजप्रिंटवर, म्हणजे पेपरच्या कागदावर, साधारण इंचाला ठिपक्यांच्या १०० ओळी, त्याहून बारीक छापायला गेलं तर सगळं एकमेकांत मिसळतं. कागद शाई पितो, ठिपका पसरतो. पेपरची शाई उष्णतेने वाळवलेलीही नसते, ती कागदात मुरते. म्हणून तर सकाळी बोटं काळी होतात. आता अशा कागदावर फिक्या छटेतली बारीक रेषा काढली की ती रेषा राहतच नाही, विरळ ठिपक्यांची रांग होते. त्यात रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही शायांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, जरासं हललं की ती रांगही फिसकटते.

निळी पूररेषा एकट्या सायनच्या प्लेटवर, पूर्ण शाईत काढली असती तर काहीच बिघडलं नसतं. लाल रेषेला मॅजेन्टा आणि पिवळा अशा दोन प्लेट लागतात, म्हणून ती थोडी जाड ठेवायची. इतकं साधं आहे हे. पण पान मॉनिटरवर बघून मंजूर होतं, आणि मॉनिटरवर फिका जांभळासुद्धा चमकतो.

ज्या शहरात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्या शहरात हे घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. नाशिकरोड, जेलरोडला प्रेसमधून रिटायर झालेली किती माणसं राहतात! रंग केसभर सरकला तर कागद रद्दीत जातो, हे बघत त्यांनी नोकरी केली. सकाळच्या पेपरात नेत्याच्या ओठांचा रंग गालावर आलेला बघून त्यांना काय वाटत असेल?

आपल्या लिपीचाही कुणी विचार करत नाही. गडद रंगाच्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे रिव्हर्स, ही हल्ली सवय झाली आहे. इंग्रजीत ते एक वेळ खपतं. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार हे सगळे बारीक अवयव असतात, आणि चारी बाजूंनी शाई आत सरकली की आधी तेच बुजतात. मोठ्या मथळ्याचं एक वेळ चालेल. पण दहा-अकरा पॉइंटातला अख्खा मजकूर लाल चौकटीत रिव्हर्स करून टाकणं म्हणजे साठीच्या पुढच्या वाचकाला ‘तू हे वाचू नकोस’ असं सांगणं आहे. आणि पेपर आज टिकून आहे तो याच वाचकावर.

मी रंगाच्या विरोधात नाही. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मला पहिल्या पानावर रहाडीचा, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदाचा, फोटो रंगीतच हवा, आणि मोठा हवा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो, लोक त्या रंगात धप्पा (उडी) मारतात, तिथे रंग हीच बातमी आहे. फक्त त्या दिवशी बाकीचं पान शांत ठेवा. फोटोभोवती पाच रंगांच्या चौकटी आल्या की रहाडीचा रंग मेला.

जगात ज्यांनी रंग नीट वापरला त्यांनी आधी तो कशासाठी हे ठरवलं. ‘यूएसए टुडे’ने १९८२ मध्ये हवामानाचं रंगीत पान काढलं, त्यात तापमानाच्या पट्ट्यांना रंग दिले, नकाशा बघताच आपल्या गावी किती थंडी ते कळायचं. ‘फायनान्शियल टाइम्स’ तर १८९३ पासून गुलाबी कागदावर निघतो, दुरूनही ओळखू येतो, आणि आतला मजकूर शांतपणे काळाच. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर रंगीत बातमी-फोटो यायला १९९७ उजाडू दिलं.

आपल्याकडे निवडणुकीच्या निकालाचा नकाशा बघा. भगव्याच्या दोन-तीन छटा शेजारी शेजारी, न्यूजप्रिंटवर सगळ्या एकच. लाल आणि हिरवा ज्यांना वेगळा दिसत नाही असे वाचक तर बिचारे धरलेच जात नाहीत. मतदारसंघावर पक्षाचं नाव लिहा, रेघांचे वेगवेगळे नमुने भरा. काळ्या शाईत हे होत होतं.

रंगीत पानं जाहिरातींमुळे परवडतात, हे मला ठाऊक आहे. एका रंगीत पानाला एकाऐवजी चार प्लेट लागतात. पहिलं आणि शेवटचं पान कागदाच्या एकाच बाजूला छापलं जातं, त्यामुळे शेवटच्या पानावर रंगीत जाहिरात आली की पहिल्या पानालाही रंगाची सोय होते. वाढदिवसाच्या जाहिराती भडक येणार, त्याला उपाय नाही. पण म्हणूनच बातमीचं पान त्या भडकपणाशी स्पर्धा करायला गेलं तर हरणार. जाहिरातीशेजारी काळी-पांढरी बातमी उलट उठून दिसते.

हे सगळं आज लिहितोय ते २०२७ च्या सिंहस्थामुळे. घाट, पार्किंग, पायी जायचे मार्ग, बंद रस्ते यांचे नकाशे सगळे पेपर छापतील आणि लोक ते पान घडी करून खिशात ठेवतील. २००३ ची चेंगराचेंगरी या शहराने पाहिली आहे. तेव्हा सगळ्या संपादकांना आणि डिझायनरांना माझी विनंती आहे की आत्ताच एकत्र बसा, पोलीस आणि महापालिकेच्या माणसांना सोबत घ्या. जायचा मार्ग कुठल्या रंगात, यायचा कुठल्या, बंद रस्ता कसा दाखवायचा, हे एकदाच ठरवा आणि सगळ्या पेपरांत तेच ठेवा. रस्त्यावरच्या पाट्यांवरही तेच रंग हवेत. आणि ठरवलेला नकाशा मॉनिटरवर पास करू नका. एका रात्री मशिनवर छापून घ्या, घडी घाला, आणि रामकुंडावर रस्त्याच्या दिव्याखाली उभं राहून एखाद्या आजींना वाचायला द्या.