प्रभारित पत्र्याचं क्षेत्र: फिरत्या टिपणातल्या चार चुका

परीक्षेच्या तयारीत एक टिपण हातोहात फिरतं: ‘प्रभारित सपाट पत्र्याचं विद्युत क्षेत्र कितीही दूर गेलं तरी तेवढंच राहतं, म्हणजे इथे व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट, तर परिणाम पाव) मोडतो. पत्रा धातूचा असला की क्षेत्र दुप्पट. कपॅसिटरमध्ये (प्रभार साठवणाऱ्या साधनात) पाट्या दोन, म्हणून आणखी दुप्पट.’

‘कितीही दूर’. सिग्मा/२एप्सिलॉन हे सूत्र अनंत पत्र्याचं आहे (सिग्मा म्हणजे दर चौरस मीटरवरचा प्रभार, एप्सिलॉन म्हणजे निर्वाताचा विद्युत स्थिरांक). खरा पत्रा कुठेतरी संपतोच. १० सेंमी त्रिज्येची चकती घ्या, सिग्मा १ मायक्रोकूलोम. सूत्रानुसार क्षेत्र ५६,५०० व्होल्ट प्रति मीटर. चकतीच्या अक्षावर १ मिमी अंतरावर त्याच्या ९९ टक्के मिळतं, १ सेंमीवर ९०, १० सेंमीवर फक्त २९. १ मीटरवर उरतं २८० व्होल्ट प्रति मीटर. सगळा ३१.४ नॅनोकूलोम प्रभार एका बिंदूत कोंबला असता तरी २८२ आलं असतं! कडेपाशी तर पत्र्याला अगदी खेटूनही हे सूत्र चालत नाही.

‘नियम मोडतो’. उलट, सूत्र त्याच नियमातून येतं. तुमच्या बिंदूपासून पत्र्याकडे एक अरुंद शंकू काढा. अंतर दुप्पट केलं की शंकूत पत्र्याचा चौपट भाग येतो आणि त्यातल्या प्रत्येक तुकड्याचा परिणाम पाव होतो. हिशेब जिथल्या तिथे. शंकू पत्र्याच्या कडेबाहेर जाऊ लागले की घट सुरू.

‘धातूचा दुप्पट’. हा सगळा घोळ सिग्मा कशाला म्हणायचं याचा. १ चौरस मीटर पत्र्यावर एकूण २ मायक्रोकूलोम आहेत. प्लास्टिकच्या पातळ फिल्मसाठी सिग्मा २, सूत्र सिग्मा/२एप्सिलॉन. धातूत प्रभार दोन्ही पृष्ठांवर वाटला जातो, म्हणून प्रत्येकी सिग्मा १, सूत्र सिग्मा/एप्सिलॉन. प्रभार सगळीकडे सारखा पसरलाय असं धरलं, तर पत्र्याच्या मध्याजवळ उत्तर दोन्हीकडे सुमारे १,१३,००० व्होल्ट प्रति मीटर.

‘आणखी दुप्पट’. समोरासमोरच्या पाट्यांचा विरुद्ध प्रभार आतल्या पृष्ठांवर ओढला जातो. प्रत्येक थर दोन्ही बाजूंना सिग्मा/२एप्सिलॉन देतो: मधे बेरीज होऊन सिग्मा/एप्सिलॉन, बाहेर वजाबाकी होऊन जवळजवळ शून्य. २सिग्मा/एप्सिलॉन धरलं तर धारकता (दर व्होल्टला साठणारा प्रभार) निम्मीच निघते. पाट्यांमधलं आकर्षण काढताना मात्र निम्मं क्षेत्रच घ्या, कारण पाटीला स्वतःच्या क्षेत्राने ओढलं जात नाही.