‘आमच्या ताईकडं पण आहे की!’

दसऱ्याला कोल्हापूरच्या मामेभावाने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. पाटावर लाल कापड, झेंडूची फुलं, कोयता, पाना-पक्कड आणि मधोमध त्याचं नवंकोरं .३२ चं रिव्हॉल्व्हर. खाली लिहिलं होतं, ‘परवाने मोकळे करा. अमेरिकेत बघा, आमच्या ताईकडं पण आहे की!’ तासाभरात पुण्याच्या मावशीचं उत्तर आलं. ‘तिकडे शाळांत मुलांना गोळ्या घालतात. तिथे राहून आपल्या घरच्या मुलीही हत्यारं घ्यायला लागल्या, हेच का संस्कार?’ दोन दिवस वाद चालला. दोन्ही बाजूंचा पुरावा मीच, आणि मला एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, तू घेतलंस ते का आणि कसं.

मामेभावाने नंतर एकट्याने विचारलं, ते हे. ‘ताई, ग्लॉक कंपनीचं पिस्तूल का घेतलं नाहीस? लई भारी असतंय.’

भारी. या शब्दाचा मला फार राग येतो. त्याच्या रिव्हॉल्व्हरला लाखाच्या वर पैसे गेले. ते कमरेला लावून तो लग्नाला जातो, पण सरावासाठी गोळ्या झाडल्यात किती, तर बोटावर मोजण्याइतक्या. इथे माझ्या शेजारची निवृत्त शिक्षिका दर महिन्याला नेमबाजीच्या रेंजवर शंभर गोळ्या झाडते आणि तिच्याकडे पिस्तूल आहे हे तिच्या जावयाला माहीत नाही.

मी टेक्सासातल्या प्लेनोत राहते, डॅलसच्या उत्तरेला. हजार डॉलर बाजूला काढले होते आणि पहिल्या दिवशी ठरवलं होतं की त्यातले निम्म्याच्या आसपासच पिस्तुलावर घालायचे. उरलेले कुलुपाच्या पेटीला, आवाजासाठी कानांवर लावायच्या मफला, चष्म्याला, शिकवणीला आणि गोळ्यांना. इथले जाणते लोकही हेच सांगतात. बाराशेचं पिस्तूल घेऊन सरावाला पैसे न उरलेला माणूस पाचशेचं घेऊन वर्षभर रेंजवर जाणाऱ्यापेक्षा वाईट नेम धरतो. म्हणून गोळी ९ एमएमचीच. पन्नासचा डबा तेरा-पंधरा डॉलरला मिळतो. .४५ ची त्याहून बरीच महाग, आणि पिस्तुलात मावतात कमी.

दुकानात काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघून सगळ्यात लहान पिस्तूल पुढे केलं, पर्समध्ये मावेल असं. बाईचा हात लहान, म्हणून पिस्तूल लहान. हा हिशेब उलटा आहे. पिस्तूल जितकं हलकं तितका झटका जास्त, पकड अपुरी, आणि आखूड स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढायला उलट जड. आपल्याकडेही हेच झालं. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढलं. अर्ध्या किलोचं .३२ चं रिव्हॉल्व्हर, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. बाईला हलकं द्या, मग तिला ते नीट चालवता येवो न येवो. राही सरनोबतच्या गावची मी. तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. बाईच्या हाताबद्दल आमच्या कोल्हापूरला कुणी शिकवायला नको.

मी तीन शनिवार रेंजवर भाड्याची पिस्तुलं चालवली. ग्लॉक १९ चालवलं, सगळे त्याच्याशीच तुलना करतात म्हणून. १९८८ पासूनचं, पंधरा गोळ्यांचं, सुटे भाग आणि हॉल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं म्यान, कुठेही मिळतात, बिघडत नाही. भावाला सांगते, ग्लॉकमध्ये खोट काहीच नाही. फक्त त्याची मूठ माझ्या तळहातात बसली नाही. चेक बनावटीच्या सीझेड पी-१० सीचा ट्रिगर मला सगळ्यात आवडला. रुगरचं सिक्युरिटी-९ सगळ्यांत स्वस्त. त्यातही पंधरा गोळ्या, पण ट्रिगर लांबपर्यंत ओढावा लागतो. पोलिसांनी बदलून टाकलेली जुनी पिस्तुलंही बघितली. हॉल्स्टरमध्ये घासून वरचा रंग गेलेला असतो, आत मात्र फारसं झिजलेलं नसतं. पैसे कमी असतील त्याने तीच घ्यावीत.

शेवटी स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी ९ २.० कॉम्पॅक्ट घेतलं, अंगठ्याने लावायच्या सेफ्टीच्या खटक्याचं. त्याच्या मुठीला मागून लावायचे चार वेगवेगळ्या मापांचे तुकडे मिळतात. सगळ्यात लहान तुकडा लावला आणि माझं बोट ट्रिगरवर सरळ पोचलं. साडेपाचशेच्या आत काम झालं. पहिल्या दोनशे गोळ्यांत ते दोनदा अडलं, दोन्ही वेळा मी मनगट सैल सोडल्यामुळे. हे लिहिते, कारण पुढे लोक पिस्तुलाला नावं ठेवतात. पंधरावी गोळी मॅगझिनमध्ये दाबताना अंगठ्याचं टोक इतकं दुखतं की संध्याकाळी पोळ्या लाटताना आठवण होते.

आता मावशी. तिचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. २०२२ मध्ये आमच्याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या आठवड्यात मी लेकीला रोज शाळेच्या दारापर्यंत सोडत होते. पुढच्या वर्षी ६ मे रोजी ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये ८ जण मारले गेले. त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. तो मॉल माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. लेकीचे शाळेचे बूट मी तिथूनच आणते. मावशी, मी पिस्तूल घेतलं ते त्यानंतर. तिथे माझ्या हातून काही झालं असतं असं मला वाटत नाही, आणि तुला तसं सांगणारही नाही. मला भीती वाटत होती आणि हातात काहीतरी करण्यासारखं हवं होतं.

पण संस्कार काढू नकोस. मामाकडे बारा बोअरची दुनळी होती, उसात रानडुकरं शिरायची म्हणून. निवडणूक लागली की मामा ती गोणपाटात गुंडाळून ठाण्यात जमा करायचा, निकाल लागला की परत आणायचा. आम्हा पोरांना हात लावू द्यायचा नाही. ‘बंदूक ही दावायची वस्तू न्हाई,’ म्हणायचा. माझी पेटी कपाटात वर आहे, बोटाच्या ठशाने उघडते, गोळ्या वेगळ्या. सतराच्या आतल्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे. पण मी पेटी घेतली ती कायद्याआधी मामामुळे. खंडेनवमीला मी कुंकू पेटीवरच लावते, पिस्तूल बाहेर काढत नाही. आणि ज्या भारतात लग्नात हवेत गोळीबार करू नये म्हणून २०१९ मध्ये कायद्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करावी लागली, तिथून मला संस्कार ऐकायचे नाहीत.

पिस्तूल घेताना फॉर्म ४४७३ भरायचा असतो. मी २००९ ला आले. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर होते तोवर, शिकारीच्या परवान्यासारखी एखादी सवलत सोडली तर, मला पिस्तूल घेता आलं नसतं. ग्रीन कार्ड २०२२ ला आलं. फॉर्मवर नागरिकत्वाचा देश विचारतात. तिथे मी ‘भारत’ लिहिलं आणि खाली माझा एलियन नंबर, म्हणजे परदेशी रहिवाशाचा क्रमांक. काउंटरवरच्या माणसाने तो कॉम्प्युटरवर टाकला आणि दहा मिनिटांत होकार आला. गाडीत येऊन बसले तेव्हा लक्षात आलं की या देशात मला अजून मत देता येत नाही, पिस्तूल मात्र घेता येतं. तिकडे परदेशस्थ मतदार म्हणून नाव घालता येतं, पण मत द्यायला कोल्हापुरातच उभं राहावं लागतं, आणि मतदानाच्या दिवशी मी आजवर कधी तिथे नव्हते.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. भावाला फोन केला आणि सांगितलं, आधी रेंजवर जा, कुणाकडून तरी नीट शीक, आणि लग्नाला जाताना ते घरी ठेव. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘ताई, परत येशील तेव्हा तुझं ते कुठं ठेवणार? नऊ एमएमचा परवाना इथं आपल्याला मिळत नाही.’

‘विकून टाकीन,’ मी म्हटलं.

‘मग घेतलंस ते परत न येण्याच्या हिशेबानंच की.’

लेक खालून हाक मारत होती. मी त्याला म्हटलं, मामाला फोन दे.