एक्स्ट्रा कार्पेटच्या रकान्यात मी शून्य लिहिलं

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा झाली. गच्चीवर सतरंज्या, डोक्यावर ताडपत्री, स्टीलच्या थर्मासमधला चहा आणि विषय एकच, रिडेव्हलपमेंट. कोथरूडमधली १९८६ सालची आमची इमारत. तळमजला अधिक तीन मजले, १६ फ्लॅट, लिफ्ट नाही. सहकार कायद्यातल्या कलम ७९-अ खाली रिडेव्हलपमेंटसाठी ठरवून दिलेली प्रक्रिया, टेंडरं, कन्सल्टंटचा अहवाल, हे सगळं दीड वर्षात पार पडलं. ५१ टक्के संमती पुरते म्हणतात, आमच्याकडे १६ पैकी १५ जणांनी सह्या केल्या. बिल्डर सध्याच्या कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळावर, ३५ टक्के वाढवून देणार आहे. आमचा फ्लॅट ४८० चौरस फुटांचा, म्हणजे नवा ६४८ चा मिळेल. त्याहून जास्त हवं असेल तर फुटाला १४ हजार रुपये.

सभेत एक तक्ता फिरत होता. फ्लॅट नंबर, सध्याचं क्षेत्रफळ, मिळणारं क्षेत्रफळ, जादा हवं असल्यास किती. माझ्या हातात आला तेव्हा अकरा जणांनी भरला होता. १५०, २००, १५०, २५०. मी शेवटच्या रकान्यात शून्य लिहिलं. शेजारच्या दादांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही स्वतः बँकेत. तुम्हाला लोनची काय अडचण? अशी संधी परत यायची नाही." तेव्हा गडबडीत होते, नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते. सोसायटीतले बरेच जण इथे आहेत, आणि अशा तक्त्यापुढे बसलेले बाहेरही खूप असतील.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत १९ वर्षं नोकरी करते, त्यातली ११ गृहकर्जाच्या टेबलावर गेली. तिथे एक प्रश्न मला रोज ऐकू येतो, "मॅडम, आम्हाला किती लोन बसेल?" बँकेकडे त्याचं उत्तर तयार असतं. हातात येणारा पगार, चालू हप्ते, वय, फ्लॅटची किंमत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्याहून मोठ्याला ७५ टक्के. पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ते गेले तरी फाइल बहुतेक वेळा पुढे सरकते. पण हे गणित बँकेचं आहे, तिचे पैसे परत येतील का, एवढंच ते सांगतं. तुमची आई आजारी पडली तर काय, नोकरीत जीव रमेनासा झाला तर काय, हे त्या फॉर्मवर कुठेच नसतं. एवढ्या वर्षांत "हप्ता गेल्यावर आमच्याकडे किती उरायला हवेत?" असं विचारणारी माणसं मला दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

आमचंच सांगते. २०१२ साली आमच्या दोघांचे मिळून ७४ हजार हातात यायचे. हिंजवडीच्या बाजूला एका टाउनशिपमध्ये टू बीएचके पाहिला होता. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, गॅलरीतून डोंगर. कर्ज ४० लाख, व्याज साडेदहा टक्के, २० वर्षांचा हप्ता जवळजवळ ४० हजार. पगाराच्या निम्म्याहून थोडं जास्तच, तरी फाइल पुढे सरकली असती. मीच हिशेब केला होता आणि मलाच तो फ्लॅट फार आवडला होता. सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी मनातल्या मनात डबे लावलेसुद्धा.

दुसरा पर्याय हा, कोथरूडचा. जुना, वन बीएचके, दुसरा मजला, भिंतीला ओल. ३६ लाखांत मिळत होता. २२ लाखांचं कर्ज, हप्ता २१,९६४. मी रोज लोकांना परतफेडीचा तक्ता छापून देते, तसा आमचाही छापला. पहिल्या हप्त्यातले १९,२५० व्याजाचे, मुद्दलात जमा फक्त २,७१४. तो कागद आम्ही फ्रिजवर लावला होता. टाउनशिपच्या फ्लॅटचा तक्ता काढला तर पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ३५ हजार. नवरा म्हणाला, "इतकं व्याज भरायचं तर आपल्याला दोघांनाही वीस वर्षं आजारी पडायचीही मुभा नाही." त्या वाक्यावर आमचं ठरलं.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवरचा मुदतपूर्व फेडीचा दंड बंद केला होता. त्यामुळे दर दिवाळीला जमेल तेवढी रक्कम मुद्दलात टाकत गेलो. २० वर्षांचं कर्ज ९ वर्षांत संपलं. कागदपत्रं घरी आणली त्या दिवशी मूळ खरेदीखताच्या कोपऱ्यावर पंचिंग मशीनची दोन भोकं आणि बँकेचा जांभळा शिक्का होता. नवऱ्याने त्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

मधल्या काळात २०२० आलं. जुलैमध्ये नवऱ्याची नोकरी गेली. सात महिने तो घरी होता. माझ्या एका पगारात हप्ता गेला, किराणा आला, मुलीची फी गेली. त्याच दिवसांत टेबलावर मी काय पाहत होते ते विसरता येत नाही. मोरॅटोरियम मागायला आलेले लोक. सहा महिने हप्ता नाही म्हणून आधी सुटल्यासारखे दिसायचे, आणि त्या महिन्यांचं व्याज मुद्दलात चढणार म्हटल्यावर गप्प व्हायचे. त्यांची पत चांगली होती, फाइल चोख होत्या. फक्त कुणाच्याच महिन्याच्या हिशेबात एक महिना बेकार राहण्याइतकी जागा नव्हती.

त्यानंतरचा काळ तर अजून वाईट. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा झाला. २०२१ मध्ये कुणी ६.८ टक्क्यांनी ४० लाख घेतले असतील तर २० वर्षांचा हप्ता ३०,५३४. दर ९.३ वर गेला तेव्हा बाकी होती ३८ लाखांच्या आसपास, आणि तिचं महिन्याचं व्याजच साडेएकोणतीस हजार. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम हजार रुपये. मुदत किती वाढली हे अनेकांना स्टेटमेंट हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. बरं केलं. पण त्याआधी एक तरुण मुलगा माझ्यासमोर स्टेटमेंटचा कागद उलटसुलट करत बसला होता, मागच्या बाजूला काहीतरी वेगळं छापलं असेल अशा आशेने, तो अजून डोळ्यांसमोर आहे. नंतर दर उतरलेही. पण दर चढल्यावर माणूस तग धरेल की नाही, हे त्याने कर्ज घेतलं त्या दिवशीच ठरलेलं असतं.

आता आमच्या तक्त्याकडे येते. १५० फूट जादा घ्यायचं तर २१ लाख. मुद्रांक शुल्क आणि जीएसटी मिळून वर अडीच लाख. २१ लाख १५ वर्षांसाठी ८ टक्क्यांनी घेतले तर हप्ता २० हजार, एकूण परतफेड ३६ लाख. माझं वय ४७, नवऱ्याचं ५२. म्हणजे त्याच्या निवृत्तीनंतरही सात वर्षं हप्ता. बँक हे कर्ज मला देईल. मीच स्वतःची फाइल पास करून घेऊ शकेन इतकी ती साधी आहे.

या २० हजारांत आज काय काय होतं ते लिहिते, कारण समाधान वगैरे शब्द मला फार लांबचे वाटतात आणि या गोष्टी रोजच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी आईचे दोन्ही गुडघे बदलले. कुणाकडे हात पसरला नाही, एफडी मोडली नाही. नवऱ्याने नवी नोकरी धरली ती आधीच्यापेक्षा कमी पगाराची, पण संध्याकाळी सहाला तो घरी असतो. मी बँकेत चालत जाते, पंधरा मिनिटं. मे महिन्यात दहा दिवस गावी, दापोलीला, हे एकदाही चुकलं नाही. आणि रात्री झोपताना पाच तारखेच्या हप्त्याचा विचार मनात येत नाही. हे शेवटचं ज्यांच्याकडे नाही त्यांनाच त्याची किंमत विचारावी.

याची किंमत आम्हीही मोजली, ती लपवत नाही. मुलगी हॉलमध्ये वाढली. दहावीला ती रात्री नऊनंतर, ओटा पुसून झाला की, स्वयंपाकघरात टेबल ओढून अभ्यासाला बसायची. फ्रिजची मोटर सुरू झाली की कानात बोळे घालायची. परवा तिला या पोस्टबद्दल विचारलं तर म्हणाली, "आई, मला फक्त दार लावता येईल अशी एक खोली हवी होती." ती एकोणीस वर्षांची आहे. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते तसंच वाटत राहणार. पण ६४८ फुटांत ती खोली बसते आहे, दारासकट. आर्किटेक्टच्या नकाशावर मी तिचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. म्हणून तर वरच्या १५० फुटांचं काय करायचं हे मला कळत नाही.

आणखी एका गोष्टीवर सभेत कुणी बोललं नाही, ती म्हणजे मेंटेनन्स. आज आम्ही १,५०० रुपये भरतो. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, यंत्राने गाड्या वरखाली हलवणारं पझल पार्किंग, जनरेटर, आगीची यंत्रणा, दोन पाळ्यांत वॉचमन. आसपास ज्या इमारती होऊन गेल्या तिथे विचारलं, तर पाच-सहा हजारांच्या खाली कुणी बोलत नाही. हप्ता कधीतरी संपतो. हा खर्च आपण आहोत तोवर आहे.

आमच्याच जिन्यातल्या काकू ७६ वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात. काकांना पेन्शन नव्हती. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख आहेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात. महिन्याचे १०,२५०, आणि त्यावर एका एफडीचं थोडं व्याज. लाल पुठ्ठ्याच्या डायरीत त्या दुधाचा, वाण्याचा, औषधांचा हिशेब पैशापैशाने लिहितात. बंगळुरूहून मुलाने सांगितलंय, "आई, दोनशे फूट जादा घे, हप्ता मी भरतो." मुलगा चांगला आहे, भरेलही. पण मेंटेनन्सचं त्याने विचारलेलं नाही, आणि काकू त्याला सांगणार नाहीत.

सेक्रेटरींना मी काल लेखी दिलंय. जादा क्षेत्रफळाचा तक्ता पक्का करण्याआधी बिल्डरकडून मेंटेनन्सचा अंदाज लिहून घ्या, पार्किंगच्या यंत्रणेची वार्षिक देखभाल धरून. कॉर्पसची, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम सभासदांना वाटून टाकायची की सोसायटीच्या नावे ठेवून तिच्या व्याजातून मेंटेनन्सला हातभार लावायचा, हाही विषय पुढच्या सभेत घ्या. बाकी कुणी किती फूट घ्यावेत हा ज्याचा त्याचा प्रश्न. तीन मुलं असलेल्या, दोघंही तिशीत असलेल्या जोडप्याने २५० फूट घेतले तर मी त्यांची फाइल आनंदाने करून देईन.

काकूंचा रकाना अजून कोरा आहे. शनिवारी दुपारी जेवणं झाली की मी त्यांच्याकडे जाणार आहे. पासबुकं, पावत्या आणि ती लाल डायरी काढून ठेवा म्हटलंय. "मुलाला फोन लावू ना तेव्हा?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आधी आपण दोघी बेरीज करू, मग स्पीकरवर लावू.