परदेशातून : जुनं सामान आणि ओळखीचं गिऱ्हाईक

सध्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (आणि बहुतेक तुमच्याही) दोन पार्ट्या भांडून राहिल्या आहेत, आमच्याकडे निमित्त मोठ्याईच्या पितळी भांड्यांचं. एका बाजूला पोट्टे, जे दिवसभर 'घरात पडलेलं सामान विका आणि महिन्याला पन्नास हजार कमवा' वाल्या रील पाहतात आणि मग घरातल्या प्रत्येक वस्तूकडे अशा नजरेनं बघतात की आजीनं पण जरा जपूनच बसावं. दुसऱ्या बाजूला मोठेबाबा आणि मंडळी, त्यांचं एकच वाक्य, "घरातलं सामान इकाची पाळी आली का आपल्यावर?" मी दारव्हा तालुक्यातली, बरीच वर्षं झाली जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते, त्यामुळं मधूनमधून मला पंच म्हणून ओढतात, तू सांग वं बाई, तिकडे लोक काय करतात. तर सांगते, पण माझं उत्तर दोन्ही पार्ट्यांना आवडायचं नाही.

इकडे लोक सगळं विकतात. म्हणजे अक्षरशः सगळं. जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की पुष्कळदा त्यात किचन नसतंच, ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, भिंतीतून नुसते दोन नळाचे पाईप बाहेर आलेले. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन उचलून घेऊन जातो, नाहीतर नव्या भाडेकरूला विकतो. आमचं पहिलं किचन असंच एका म्हाताऱ्या बाईकडून घेतलं, तिनं सिंकवरचा एक ओरखडा स्वतः बोट ठेवून दाखवला आणि त्याचे पैसे आपणहून कमी केले. हे सगळं चालतं क्लाइनआनत्साइगन नावाच्या साइटवर, २००९ साली ती ईबेच्या नावानं सुरू झाली, २०२३ पासून नावातलं ईबे गेलं. सायकल, बाळाची गाडी, अर्धा डबा भिंतीचा रंग, खिडकीतली कुंडी, सगळं. डॉक्टर विकतो, प्रोफेसर विकतो, आणि पाच युरोसाठी घासाघीस तर अशी करतात की आपल्या आठवडी बाजारातल्या बाया लाजाव्यात.

लहान मुलांच्या सामानाचे तर वेगळे बाजारच भरतात, बालवाडीत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये. टेबलं मांडलेली, कपडे साइजप्रमाणे लावलेले, प्रत्येकाला सुतळीनं नाहीतर चिकटपट्टीनं चिठ्ठी, चिठ्ठीवर विकणाऱ्याचा नंबर आणि किंमत. गरोदर बायकांना बरेच ठिकाणी अर्धा तास आधी आत सोडतात. विक्रीतला काही हिस्सा बालवाडीला जातो आणि कोपऱ्यात आयांनी केलेले केक विकायला असतात. माझ्या लेकीचे पहिल्या दोन वर्षांचे बरेचसे कपडे असेच आले आणि असेच गेले. (इथली मराठी मंडळी पण हेच करतात बरं का, फक्त घरी सांगत नाहीत. व्हिडिओ कॉलवर मागे जो सोफा दिसतो ना, 'नवीन घेतला का गं' म्हणून सासूबाई विचारतात आणि इकडून 'हो' जातं, तो सोफा तिसऱ्या मालकाचा असतो.)

आता पोट्टे म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगून राहिलो. थांबा जरा.

इथं हे चालतं त्याची कारणं अगदी रटाळ आहेत. लोक भाड्यानं राहतात, नोकरीसाठी गाव बदलतात, घरं लहान, माळा नाही, अंगण नाही, गोठा तर नाहीच. सामान फेकायचं तरी सोपं नाही, जुनी गादी कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही, मोठ्या कचऱ्याची गाडी पालिकेकडून बुक करावी लागते, काही ठिकाणी वर्षातून एकदोनदा फुकट आणि काही ठिकाणी पैसे मोजून. म्हणून मग लोक वस्तू रस्त्यावर खोक्यात ठेवून देतात, 'फुकट न्या' लिहून. अशा ठिकाणी वीस युरो मिळाले तर ते विकल्याचे कमी आणि कटकट गेल्याचे जास्त. आणि दुसरं, महिन्याला पन्नास हजारवालं गणित इथंही जमत नाही, कारण नको असलेलं सामान संपतं हो. दोन महिन्यांत संपतं. त्यानंतर तुम्ही जे विकता ते विकण्यासाठी आणलेलं असतं, आणि तो धंदा झाला. युरोपियन युनियनमध्ये तर २०२३ पासून नियमच आलाय, एका प्लॅटफॉर्मवर वर्षात ३० किंवा जास्त विक्री झाल्या नाहीतर २,००० युरोच्या वर रक्कम गेली की ती साइट तुमची माहिती टॅक्सवाल्यांना कळवते. स्वतःचे वापरलेले कपडे विकणाऱ्याला सहसा टॅक्स लागत नाही, पण हिशोब विचारला जाऊ शकतो. रीलमध्ये हे कोणी सांगत नाही, कारण रीलवाल्याची कमाई जुन्या सामानातून नसतेच, ती तुमच्या बघण्यातून आणि त्याच्या कोर्समधून असते.

आता मोठेबाबांकडे येते. जुनं विकणं म्हणजे लाज, हे त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं, कारण आपल्याकडे जुन्याचा बाजार पहिल्यापासून आहेच की. बैल कोणी शोरूममधून घेत नाही. बैलबाजारात दुसऱ्याचाच बैल घेतात, दात पाहून, खूर पाहून, चालवून पाहून. स्वतः मोठेबाबांनी आयुष्यात कितीतरी जोड्या विकल्या, कोणी म्हटलं नाही की घराला उतरती कळा लागली. जुनं ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, स्प्रिंकलरचे पाईप, डवरा, वखर, हे हातोहात फिरतं आणि त्यात अभिमानच असतो, 'चांगले पैसे आले बाप्पा'. आणि घरातल्या बायका? दारावर जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आली की दुपारभर ओसरीवर घासाघीस, जरीची साडी असेल तर तिचे डोळे चमकायचे, सुती लुगड्याला ती हात लावायची नाही, जीन्स पँट दोन दे मग हा गंज (म्हणजे पातेलं) देते, बरं गंज नको तर गडवा घे. हे काय होतं मग? विक्रीच होती ना.

फरक कुठं आहे ते मला इकडे राहून दिसायला लागलं. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटं धरून भाव ठरवायचे, शेजारी उभ्या माणसाला आकडा कळायचा नाही. भांडेवालीचा सौदा ओसरीवर राहायचा. आणि आता फोनवर फोटो टाकला की अख्ख्या पंचक्रोशीला वस्तू दिसते, किंमत दिसते, वस्तूच्या मागची पोपडे निघालेली भिंत दिसते, आणि खाली नंबर असतो. संध्याकाळी पारावर कोणीतरी हळूच विचारतंच, "काऊन भाऊ, सगळं ठीक आहे ना?" ज्या भागात कर्जापायी लोकांची घरंदारं मोडलेली सगळ्यांनी पाहिली आहेत, तिथं हा प्रश्न साधा नसतो. कृषी केंद्रावाला उधारी देताना हात आखडतो, पोरीचं जमून राहिलं असेल तर पाहुणे चौकशी करतात. म्हणून मोठेबाबांना मी मागासलेले वगैरे म्हणणार नाही. त्यांची भीती खोटी नाही.

जर्मनीत मला ती किचन विकणारी म्हातारी परत कधी भेटली नाही. विकणारे जाहिरातीच्या खाली एक ओळच लिहितात, खाजगी विक्री, वस्तू परत घेतली जाणार नाही, आणि विषय संपला. गावात असं होत नाही. गावात ज्याला कूलर विकला त्याची मोटर आठ दिवसांत जळाली की तो तुमच्या दारात उभा राहतो, आणि नाही राहिला तरी त्याची बायको हळदीकुंकवात तोंड फिरवते. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, हा खरा घोळ आहे. लाजबीज नंतर.

आमच्या एका चुलतभावानं मागच्या उन्हाळ्यात असाच कूलर विकायला काढला, मोठा लोखंडी पत्र्याचा, त्याचं म्हणणं गावात नकोच, ऑनलाइन टाकतो, दूरचं गिऱ्हाईक येईल. टाकला कधी, तर मृगाच्या तोंडावर. यवतमाळ जिल्ह्यात जूनमध्ये कूलर कोण घेतो रे बाबा! गिऱ्हाईक एकच आलं, ते पण फोनवर, हिंदीत बोलणारं, म्हणे मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालीय, कूलर न बघताच घेतो, पूर्ण पैसे आत्ताच पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. नशीब की वहिनी शेजारी बसल्या होत्या, त्यांनी फोनच हिसकला. हा फसवणुकीचा प्रकार देशभर वर्षानुवर्षं चालू आहे, आर्मीचा खोटा ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवतात. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच आहे की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. कोणी फसलंच तर लाजत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

म्हणजे दूरचं गिऱ्हाईक असं, आणि जवळचं तसं. मग करायचं काय?

मला वाटतं, आधी घरातलं जे सामान आहे त्यात पैसा नेमका कशात अडकलाय ते पाहावं. चादरी, जुनी पुस्तकं, प्लास्टिकच्या खुर्च्या, लग्नात आलेली घड्याळं आणि डिनर सेट, यात काही नाही, फोटो काढायचा वेळ पण वसूल व्हायचा नाही. पण गोठ्यात गंजत असलेलं ऑइल इंजिन, विहिरीत पाणीच नाही म्हणून पडलेली मोटर, बॅटरीचा फवारणी पंप, पोरगं पुण्याला गेल्यापासून ताडपत्रीखाली झाकलेली बाईक, यात खरे पैसे आहेत, आणि दुसऱ्या शेतकऱ्याला ते अर्ध्या किमतीत मिळालं तर त्याचंही भलं होतं. हे सामान विकायला मोठेबाबांची पण ना नसते. फक्त हंगाम पाहा. कूलर होळीच्या आसपास, पंप फवारणी सुरू व्हायच्या आधी, बाईक कापूस घरातून गेल्यावर म्हणजे लोकांच्या हातात पैसा असताना.

बाईक विकताना मात्र 'भाऊच आहे आपला, कागद नंतर करू' हे चालवून घेऊ नका. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढं कितीही हातांत गेली असो, अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्या गळ्यात येते. आणि जुना मोबाइल घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय म्हणजे त्या हँडसेटचा ओळख नंबर काढा, इंग्रजीत KYM लिहून पुढं तो नंबर टाकून १४४२२ वर मेसेज करा, हँडसेट चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं.

आणि ओळखीच्या गिऱ्हाईकाचं म्हणाल तर ओळख लपवायच्या भानगडीत पडूच नये, ती वापरावी. ओळखीच्या माणसाला वस्तू आठ दिवस वापरायला द्या, दोष आधी सांगा, मोटर एकदा बांधलेली आहे, टाकीला एम-सील लावलंय, पटलं तर पैसे दे. त्या म्हातारीनं सिंकवर बोट ठेवलं तसं. इथं ओरखडा दाखवणं चांगुलपणा असतो, गावात ती गरज आहे, कारण तोंड रोज दाखवायचंय.

'आम्ही विकत नाही, गरिबाला देऊन टाकतो' असंही आमच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं आणि त्याला खूप हात जोडलेले आले. मला ते तितकंसं गोड वाटत नाही. देतो कोणाला? सालदाराच्या बायकोला, दिवाळी झाली की, फाटकी चादर आणि तुटकी खुर्ची, आणि मग ती दोन दिवस जास्तीची राबते, पैसे मागत नाही. तीच खुर्ची तिला पन्नास रुपयांत विकली असती तर ती म्हणू शकली असती, एक पाय हलते, तीसच देतो, नाहीतर राहू द्या. दिलेल्या वस्तूला तिला नाही म्हणता येत नाही. चांगली वस्तू द्यायची तर जरूर द्या, पण मोडक्याचं पुण्य नका लावून घेऊ.

शेवटी तो पितळी भांड्यांचा विषय, ज्यावरून हे सगळं पेटलं. मोठ्याईच्या खोलीत दोन हंडे, घंगाळ आणि एक कोपर (म्हणजे परात) आहे, भाऊ म्हणून राहिला की मोडीत वजनावर जे मिळतं त्याच्यापेक्षा शहरातले लोक शोभेसाठी जास्त देतात. बरोबर आहे त्याचं, देतात. पण ती भांडी तिच्या माहेरचं आंदण आहे, आणि पाच पानांची चर्चा झाली त्यात तिला कोणी विचारलंच नाही, ती ग्रुपवर नाही. भांडेवालीशी सौदा करायच्या तेव्हा निदान काय द्यायचं, काय घ्यायचं ते बायका ठरवायच्या, आता फोन पोरांच्या हातात म्हणून निर्णयही त्यांच्याच हातात गेला. तर भावा, आधी तिला विचार. ती नाही म्हणाली तर चिंच लावून घासून परत ठेव. आणि हो म्हणाली तर पैसे तिच्या बँक खात्यात जाऊ दे, तुझ्या फोनपेवर नको.