‘त्यांना काही होत नाही’ म्हणे!

आत्याने शनिवारी सकाळी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. त्याआधी तो तीन ठिकाणांहून माझ्याकडे आला होता आणि तिन्ही वेळा मी न वाचता उडवला होता. आत्याकडून आला म्हणून वाचला, आणि रविवार हे लिहिण्यात गेला.

मेसेज असा. आपण गाळलेलं पाणी पितो, वेळेवर गोळ्या घेतो, वर्षाला तपासण्या करतो, तरी सतत आजारी. आणि तो फूटपाथवरचा माणूस बघा! उघड्यावर झोपतो, मिळेल ते खातो, तरी ठणठणीत. कारण त्याची प्रतिकारशक्ती आपल्या दहापट. पुढे आणखी चार मुद्दे. दवाखाने फुकट असतात, यांनाच जायचं नसतं. सगळे व्यसनी नाहीतर वेडे, आणि मरतात ते त्यानेच. रोगराई हेच पसरवतात, हाकलून दिले की शहर निरोगी. घर दिलं तरी दोन दिवसांत परत रस्त्यावर. आणि तात्पर्य म्हणून, ‘दया दाखवू नका, त्यांना तिची गरज नाही.’ खाली हात जोडलेले.

मी नर्स आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ बेघरांच्या निवाऱ्यात ड्रेसिंग करायला जाते. तेव्हा हे काही मी थंड डोक्याने लिहिणार नाहीये, आधीच सांगते.

दहापट प्रतिकारशक्तीपासून सुरू करू. सगळ्यात बिनडोक मुद्दा तोच आणि सगळ्यात घातकही तोच. घातक अशासाठी, की ‘त्यांना काही होत नाही’ हे एकदा डोक्यात बसलं की थंडीत निपचित पडलेल्या माणसाजवळून आपण ‘झोपलाय’ म्हणत पुढे जातो.

ठणठणीत दिसला म्हणे. कोणाला, कधी? कामावर जाताना ओझरता दिसलेला माणूस जिवंत आहे, म्हणजे तो निरोगी, असा हा हिशेब. जो गेला तो त्या कोपऱ्यावर दिसत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला की लांबून दोघं सारखेच वाटतात.

ज्यांनी खरंच मोजदाद केली त्यांचं ऐका. अमेरिकेत बोस्टन शहरात बेघरांसाठी १९८५ पासून वैद्यकीय सेवा चालते. त्या सेवेकडे २००३ ते २००८ या काळात आलेल्या २८,०३३ प्रौढांची नोंद घेऊन त्यातले किती वारले, कशाने वारले, हे तपासलं गेलं. १,३०२ मृत्यू सापडले. त्याच राज्यातल्या इतर लोकांशी तुलना केली तर २५ ते ४४ वयात मृत्यूचं प्रमाण सुमारे नऊपट होतं, आणि ४५ ते ६४ वयात साडेचारपट. हे २०१३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. ‘पट’ हवीच असेल तर ही घ्या, नऊ. आणि लक्षात ठेवा, ही निदान एकदा तरी डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली माणसं होती.

जे जगतात ते कसे, तेही बघा. कॅलिफोर्नियात ओकलंड शहरात पन्नाशी ओलांडलेल्या ३५० बेघरांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. पडणं, विसरणं, लघवीवर ताबा न राहणं, स्वतःचे कपडे स्वतःला न घालता येणं, या म्हातारपणाच्या तक्रारी त्यांच्यात वीस वर्षांनी मोठ्या, घरात राहणाऱ्या माणसांइतक्या किंवा जास्तच निघाल्या. म्हणजे अठ्ठावन्नचा माणूस शरीराने अठ्ठ्याहत्तरचा. काटक कसला?

एक अर्धसत्य मान्य करते, नाइलाजाने. लहानपणी गोठ्याजवळ, गुराढोरांत वाढलेल्या मुलांमध्ये दमा आणि अ‍ॅलर्जी कमी आढळतात, हे खरं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं. पण त्या मुलांना रात्री अंथरूण होतं, दार होतं. आणि गोठ्याचा फायदा न्यूमोनियाला लागू पडत नाही.

आता पाय. निवाऱ्यात माझं निम्मं काम पायांचं असतं. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले, साठीचे असतील. बूट काढायला तयार नव्हते. रात्री बूट काढून झोपलं की सकाळी ते जागेवर नसतात, हे एकदा अनुभवलं की माणूस परत काढत नाही. त्यांनी कित्येक आठवडे काढले नव्हते. कोमट पाण्यात पाय बुडवून पाऊण तास बसवलं, तेव्हा कुठे मोजा सुटायला लागला. टाचेपाशी तो कातडीत रुतला होता. बोटांच्या मधली कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी. पोटऱ्या सुजून चकचकीत, घोट्याच्या वर काळपट. हे असं का होतं, माहितीये? आडवं व्हायला जागा नसते म्हणून. बाकावर, पायरीवर बसल्या बसल्या झोपायचं, पाय रात्रभर लोंबकळत. रक्त खाली साचतं, सूज येते, कातडी फाटते, फटीतून जंतू शिरतात आणि पाय लालभडक होऊन ताप चढतो. सतत ओल्या मोज्यांत राहिलेल्या पायाला तर जुनं नावच आहे, ‘ट्रेंच फूट’. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहिलेल्या सैनिकांच्या पायांवरून पडलेलं. त्याच सैनिकांना अंगावरच्या उवांमधून होणारा खंदकताप अजूनही बेघरांमध्ये सापडतो, युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत शहरांत.

बोस्टनच्या त्या सेवेत १९८५ साली जिम ओकॉनेल नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला, तेव्हा निवाऱ्यातल्या नर्सने, बार्बरा मॅकिनिस यांनी, त्याला आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून लोकांचे पाय धुवायला बसवलं. डॉक्टर खाली आणि पेशंट वर, असं बसल्याशिवाय ही माणसं बोलत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. (नर्सचं ऐकणारा डॉक्टर! जगात असतात असे.)

‘दवाखाने फुकट असतात, यांनाच जायचं नसतं.’ फुकट म्हणजे काय? केसपेपरला पैसे लागले नाहीत, एवढंच. पत्ता विचारतात, ओळखपत्र मागतात. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, असा नियमच आहे; तो मुद्दाम करावा लागला यातच काय ते आलं. बरं, रांगेत दिवस गेला तर संध्याकाळी निवाऱ्यातली खाट दुसऱ्याला मिळते. सोबतचं बोचकं कोणाच्या भरवशावर ठेवायचं? आणि एवढं करून आत गेलं की अंगाला वास येतो म्हणून बाजूचा उठून जातो. तुम्ही गेला असतात परत?

त्यापेक्षा मोठी गंमत औषधाच्या चिठ्ठीत आहे. ‘जेवणानंतर’, ‘पाय उंच ठेवून झोपा’, ‘जखम कोरडी ठेवा’, ‘फ्रिजमध्ये ठेवा’. प्रत्येक ओळीत घर गृहीत धरलेलं. हृदयाच्या पेशंटला अंगातलं पाणी काढायला गोळी देतात, तिला लोक लघवीची गोळीच म्हणतात. ती घेतली की तासा-दोन तासांत तीन-चारदा जावं लागतं. जायचं कुठे? बाईमाणसाने कुठे जायचं? म्हणून ती गोळी पाकिटात राहते, पाय सुजतात, दम लागतो, आणि कागदावर शेरा पडतो, ‘पेशंट औषध घेत नाही’.

आणि इन्सुलिन. हे मी खास आत्यासाठी लिहितेय, कारण तिची पेनं फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात असतात आणि दुसरं कोणी तिथे काही ठेवलं तर ती घर डोक्यावर घेते. बरोबरच आहे तिचं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं; वापरायला काढलेलं बाहेर चालतं, पण बहुतेक प्रकारांत चारेक आठवडेच, आणि तेही ३० अंशांच्या आत. उन्हात खिशात फिरलेलं पेन वरून अगदी चांगलं दिसतं, आत काम संपलेलं असतं. शिवाय इन्सुलिन घेतलं आणि जेवण मिळालं नाही तर साखर एकदम खाली येते, घाम सुटतो, जीभ जड होते, माणूस भेलकांडतो. आणि बघणारे म्हणतात, प्यायलाय. पुढचं जेवण कधी मिळेल हे ज्याला माहीत नाही त्याने सुई टाळली, तर त्याला बेफिकीर म्हणू नका. तो स्वतःच्या परीने जीवच वाचवतोय. पण त्याची किंमत पुढे पायाच्या बोटाने मोजली जाते.

अ‍ॅडमिट झालेल्यांचं आणखी वेगळं. ऑपरेशन होतं, तीन दिवसांनी आम्ही पेशंटला ‘घरी सोडतो’. आम्ही आमच्या तोंडाने हेच म्हणतो, ‘घरी सोडलं’. टाके ओले असलेल्या माणसाला फाटकापर्यंत पोचवून. म्हणूनच काही शहरांत मधल्या खाटा काढल्यात, हॉस्पिटलमध्ये ठेवण्याइतकं आजारपण नाही आणि रस्त्यावर राहण्याइतकी ताकद नाही अशांसाठी. बोस्टनमध्ये अशा जागेला त्या पाय धुवायला लावणाऱ्या नर्सचंच नाव दिलंय.

‘सगळे व्यसनी नाहीतर वेडे.’ यातला व्यसनाचा भाग पूर्ण खोटा नाही, ते मी लपवणार नाही. त्याच बोस्टनच्या पाहणीत मृत्यूचं पहिलं कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस हेच होतं, आणि ४५ च्या आतल्यांत तर दर तिसरा मृत्यू त्याचा. पण आकडे पुढे वाचायचे असतात. १,३०२ पैकी डोसाचे २१९, कॅन्सरचे २०६, हृदयरोगाचे २०३. जवळजवळ बरोबरी. म्हणजे आपल्या घरातली माणसं ज्याने जातात त्यानेच तीही जातात, फक्त खूप आधी. आणि ‘वेडे’ हा शब्द वापरणाऱ्यांसाठी टोरांटोतली एक गोष्ट. तिथे ९०४ बेघरांना विचारलं, तर निम्म्याहून जास्त, ५३ टक्के लोकांच्या डोक्याला आयुष्यात कधीतरी मेंदूला इजा होईल असा मार लागला होता, आणि त्यातल्या ७० टक्क्यांना पहिला मार बेघर होण्याआधी. विसरणं, चिडणं, भडकणं, दिलेल्या वेळेला न पोचणं यामागे अशी जुनी इजाही असू शकते. नोकरी आणि घर त्या मारानंतर गेलं असेल, हा विचार मेसेजवाल्याला शिवलाही नाही.

‘रोगराई तेच पसरवतात, हाकला.’ संसर्गजन्य रोग त्यांच्यात जास्त असतात, हो. पण हाकलून काय होतं? टीबीचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा. माणूस एका जागी सापडला तर गोळ्या पूर्ण होतात. दर पंधरवड्याला त्याला पिटाळलंत तर कोर्स अर्धवट सुटतो आणि औषधाला दाद न देणारा टीबी तयार व्हायला वाट मिळते. लंडनमध्ये उलटं करतात. छातीचा फोटो काढायची गाडीच निवाऱ्यांच्या दारात नेऊन उभी करतात.

सॅन डिएगोचं उदाहरण तर प्रत्येक नगरसेवकाने पाठ करावं. तिथे नोव्हेंबर २०१६ पासून हिपॅटायटिस ए ची, म्हणजे काविळीची साथ आली. ५९२ रुग्ण, २० मृत्यू. बेघर आणि नशा करणारे लोक सगळ्यात जास्त सापडले. हा विषाणू विष्ठेतून हाताला आणि हातातून तोंडात जातो. जिथे रात्री एकही स्वच्छतागृह उघडं नाही, हात धुवायला नळ नाही, तिथे तो दुसरीकडे कुठे जाणार? साथ हाताबाहेर गेल्यावर शहराने फिरती स्वच्छतागृहं ठेवली, रस्त्यांवर हात धुवायची बेसिनं बसवली, ब्लीच टाकून फूटपाथ धुतले, आणि नर्सेस पायी फिरून जिथे माणूस बसलाय तिथेच त्याला लस टोचत गेल्या. तेव्हा कुठे साथ आटोक्यात आली. संडास आणि साबण आधी दिले असते तर?

शेवटचा मुद्दा, ‘घर दिलं तरी परत येतात.’ कॅनडाने हे तपासून पाहिलं, पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त मानसिक आजार असलेल्या बेघरांवर. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाला आधी घर, कुठलीही अट न घालता, सोबत मदतीला माणसं. दुसऱ्याला नेहमीच्या सोयी. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के पूर्ण वेळ घरात होते, दुसऱ्यातले ३१ टक्के. आता इथेही प्रामाणिकपणे सांगायला हवं, नुसत्या घराने व्यसन सुटलं असं काही दिसलेलं नाही, आणि ‘घर दिलं की सरकारचे पैसे वाचतातच’ असा आमच्या बाजूचे लोक जो दावा करतात तोही सगळ्यांच्या बाबतीत खरा ठरत नाही. पण प्रश्न परत येण्याचा होता. बहुतेक येत नाहीत.

इथपर्यंत लिहून झालं होतं, तेवढ्यात आत्याचा फोन. मी दुपारी ग्रुपवर थोडं तिखट लिहिलं होतं, म्हणून वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. तर मेसेजबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, “अगं, मग ते लोक इन्सुलिन ठेवतात कुठे?”

म्हटलं, आमच्या निवाऱ्यात ऑफिसमध्ये एक लहान फ्रिज आहे, त्यात प्लॅस्टिकचे डबे, प्रत्येकावर नाव. रात्री दहाला ऑफिसला कुलूप लागतं, त्याआधी डोस घ्यायचा. सकाळी सातला उघडतं.

“आणि कोणी अकराला आलं तर?”

वॉचमनकडे चावी नसते. मी दोनदा मागून पाहिली आहे.