‘झोप लागली’ म्हणायचीही चोरी?

आज सकाळी रामकुंडावर ओळखीच्यांच्या दहाव्याला गेले होते. शेजारी दुसऱ्या घरचं पिंडदान चाललं होतं. मुंडण केलेला, चाळिशीचा मुलगा बहिणीला हळूच म्हणाला, "ताई, परवा सलग झोपलो गं. तीन वर्षांत पहिल्यांदा." मागून आत्या कडाडली, "अरे, बाप गेलाय तुझा! लोक ऐकतील." तो गप्प झाला आणि ओल्या धोतराचा सोगा पिळत बसला. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात. म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. मधे लघवीची पिशवी रिकामी करायची, डायपर बदलायचं. ज्याने हे तीन वर्षं केलं, त्याला बाप गेल्यावर सुटल्यासारखं वाटणारच. दुःख खरं आणि सुटकाही खरी. पण सुटका कबूल करायची नाही, हे आपण त्याला दहाव्यालाच शिकवतो. मग तो स्वतःशीही खोटं बोलायला लागतो आणि पुढे कधीतरी स्वतःलाच म्हणतो, 'मीच कमी पडलो.'

कबूल, आत्याचाही भाऊच गेला होता. पण म्हणून त्याचं तोंड बंद करायचं?

अशा माणसाला उपदेश नको, वही द्या. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या गोष्टीवर लिहायला लावलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्यावर मात्र त्यांना आधी जडच वाटलं होतं. तुम्हालाही वाटेल. तेवढ्यावरून वही फेकू नका.

घाव अगदी ताजा असेल तर काही आठवडे थांबा. मग गजर लावा, दार लावा आणि हात न थांबवता लिहा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. वही कुणाला दाखवायची नाही, हे आधीच ठरवा. दाखवायची म्हटलं की आपण लगेच शहाण्यासारखं लिहायला लागतो. सुरुवात घडलेल्या गोष्टीने करा: 'रात्री तीनला उठलो, बाबांनी पुन्हा चादर ओली केली, मी ओरडलो.' त्यानंतर काय वाटलं ते. इथे 'टेन्शन' हा शब्द वापरायचा नाही. त्याच्याखाली राग, शरम, भीती, कंटाळा सगळं झाकलं जातं. जे असेल त्याचं नाव घ्या.

बहुतेकांची गाडी अडते ती निकाल देण्यापाशी. 'मी ओरडलो' ही घटना. 'मी नालायक मुलगा' हा निकाल. स्वतःला शिव्या घातल्या की आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटतं, पण ती प्रामाणिकता नव्हे. तो खरं न बघण्याचा आणखी एक मार्ग आहे. निकाल दिसला की खोडा आणि त्याच्यामागची घटना लिहा. तिसऱ्या दिवशीही तीच वाक्यं जशीच्या तशी उतरत असतील, तर लिहिणं थांबवा आणि जिवंत माणसाशी बोला. लिहिताना असह्य झालं तर तिथल्या तिथे पेन खाली ठेवा. दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल तर डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आठवतंय ते एवढंच, की पिंडाला कावळा शिवेना तेव्हा हीच आत्या पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "दादा, काय राहिलं असेल ते सांग रे, आम्ही करू." गेलेल्याच्या मनात काय राहिलं, हे सगळ्यांसमोर, किती मायेने विचारलं तिने! तो मुलगा तिच्यापासून दोन हातांवर उभा होता.

दादा, तुमचं नाव मला माहीत नाही. आज रात्रीही झोप लागली तर लागू द्या. आणि सकाळी ताईला फोन करून सांगा.