‘अलास्का म्हणजे सात दिवसांची क्रूझ’: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

अलास्काच्या सहलीचा विषय निघाला की एक तयार सल्ला हमखास पुढे केला जातो, आणि तो इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे पाठवलेला आहे की तो तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. त्याचा आशय असा: सात दिवसांच्या क्रूझमध्ये अलास्का पाहून होते, जमिनीवरचा प्रवास खर्चिक आणि कंटाळवाणा असतो, फारच हौस असेल तर शेवटी आतल्या भागातील डेनाली राष्ट्रीय उद्यानाला एक रात्र काढावी, किनाऱ्यावरच्या सहली जहाजाकडूनच घ्याव्यात, नाहीतर जहाज सोडून जाते, मे ते सप्टेंबर कधीही गेले तरी सारखेच, बाल्कनी उजव्या बाजूची घ्यावी, आणि अमेरिकेचा व्हिसा असला की कागदपत्रांची चिंता उरत नाही. मी हा प्रवास एकदा याच सल्ल्याबरहुकूम आणि दुसऱ्यांदा स्वतः आखून केला आहे. बहुतेक कुटुंबे या प्रवासाला आयुष्यात एकदाच जातात आणि त्यासाठी कित्येक वर्षे पैसे बाजूला टाकतात, म्हणून यातील प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा, म्हणजे सात दिवसांत अलास्का पाहून होते हा, नकाशासमोर टिकत नाही. अलास्काचे क्षेत्रफळ सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून अधिक आहे. सिएटल किंवा व्हँकुव्हरहून निघून तिथेच परतणारी सात दिवसांची जहाजे सर्वसाधारणपणे केचिकन, जुनो, स्कॅगवे यांसारखी दोन-तीन बंदरे आणि एक हिमनदी दाखवून माघारी वळतात, आणि ही सर्व ठिकाणे राज्याच्या आग्नेयेकडे कॅनडाला चिकटून उतरणाऱ्या चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. हा पट्टा अप्रतिम आहे, याबद्दल माझे दुमत नाही. येथे वर्षाला साडेतीन मीटरहून अधिक पाऊस झेलणारे केचिकन आहे, टोंगास हे अमेरिकेतील सर्वांत मोठे राष्ट्रीय वन आहे, आणि जुनो ही राजधानी असूनही बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नसल्यामुळे ती पाहायची तर पाणी किंवा आकाश हेच मार्ग आहेत. या भागासाठी जहाज हे योग्यच साधन आहे. परंतु देवदार वर्गातील उंच वृक्षांनी आणि शेवाळाने गच्च भरलेले हे ओले किनारी जंगल म्हणजे अलास्काचा एक चेहरा झाला. पर्वतरांगा ओलांडून आत गेले की पाऊस कमी होतो, झाडे खुजी आणि विरळ होतात, पुढे तीही संपून टुंड्रा, म्हणजे खुरट्या झुडपांचा आणि शेवाळाचा उघडा माळ, सुरू होतो, आणि कॅरिबू व मूस ही मोठी हरणे आणि ग्रिझली अस्वले मोकळ्या उतारांवर मैलभर अंतरावरूनही दिसू लागतात. हा दुसरा चेहरा कोणत्याही डेकवरून दिसत नाही, कारण तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे.

यावरूनच दुसरा मुद्दा येतो, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. ‘शेवटी डेनालीला एक रात्र’ हा सल्ला देणारे लोक अंतरे सांगत नाहीत. उत्तरेकडे जाणाऱ्या एकेरी क्रूझ सिवर्ड किंवा व्हिटियर येथे संपतात. सिवर्डपासून अँकरेज सुमारे २०० किलोमीटर, आणि अँकरेजपासून डेनाली उद्यानाचे प्रवेशद्वार आणखी सुमारे ३८० किलोमीटर आहे. अँकरेजहून रेल्वेने गेल्यास केवळ हा दुसरा टप्पाच साडेसात-आठ तास घेतो. व्हिटियरला उतरल्यास बाहेर पडण्यासाठी सुमारे चार किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो, ज्यात एकच मार्गिका असून तिच्यावरूनच रेल्वेही जाते, त्यामुळे गाड्यांना ठरलेल्या वेळांना आळीपाळीने एकेका दिशेने सोडले जाते. म्हणजे जहाजातून सकाळी उतरलेला प्रवासी डेनालीला पोहोचतो तेव्हा संध्याकाळ झालेली असते, आणि एकच रात्र असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो परतीच्या तयारीला लागतो. आमच्या पहिल्या खेपेला अगदी असेच झाले. उद्यानाच्या दारातल्या हॉटेलात आम्ही राहिलो आणि उद्यान न पाहता परतलो.

उद्यान पाहणे म्हणजे काय, हेही येथे सांगितले पाहिजे. डेनाली उद्यानात आत जाणारा रस्ता एकच असून त्याची पूर्ण लांबी ९२ मैल आहे, आणि उन्हाळ्यात खासगी गाड्यांना त्यातील पहिल्या १५ मैलांपर्यंतच परवानगी असते. पुढे उद्यानाच्या बसनेच जावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स येथील दरड सरकण्याचा वेग वाढल्यामुळे ४३ व्या मैलापुढचा रस्ता बंद करण्यात आला आणि तेथे पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यामुळे आपण जाणार त्या वर्षी बस कुठपर्यंत जाते, हे उद्यानाच्या अधिकृत सूचनेत पाहूनच बुकिंग करावे. बसमध्येही दोन प्रकार आहेत. एकात चालक माहिती सांगतो आणि सर्वांनी एकत्र जाऊन एकत्र परतायचे असते. दुसरी साधी बस असते, जिच्यातून वाटेत कुठेही उतरून चालावे आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढावे. दुसऱ्या खेपेला आम्ही ही साधी बस घेतली, आणि एका नदीच्या रुंद, खडकाळ पात्राशी उतरून तासभर नुसते बसून राहिलो, तेव्हा पलीकडच्या उतारावर एक अस्वलीण दोन पिल्लांसह बेरी ओरबाडत हळूहळू वर सरकताना दिसली. तिने एकदाही मान वर करून आमच्याकडे पाहिले नाही.

आणि पर्वताचे म्हणाल तर ६,१९० मीटर उंचीचे डेनाली स्वतःचे ढग स्वतःच तयार करते. उन्हाळ्यात येणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच ते दिसते. एका रात्रीत हा योग येण्याची शक्यता किती, याचा विचार ज्याचा त्याने करावा. माझ्या मते येथे तीन रात्री हव्यात, आणि दोनपेक्षा कमी असतील तर डेनाली वगळून ते दिवस सिवर्डला द्यावेत.

सिवर्डचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण जमिनीवरचा प्रवास कंटाळवाणा असतो हे म्हणणारे या गावातून थेट विमानतळाच्या बसमध्ये बसतात. गावापासून थोड्याच अंतरावर एक्झिट हिमनदी आहे. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने वर्षांच्या पाट्या उभ्या केल्या आहेत: त्या त्या वर्षी बर्फाची कड कुठे होती, हे त्या दाखवतात. एकोणिसाव्या शतकातील पाट्या गाडीतूनच मागे पडतात, कारण तिथे आता झाडी आहे. मग विसाव्या शतकातील पाट्या पायवाटेवर भेटू लागतात आणि झाडे हळूहळू लहान होत जातात. मी माझ्या जन्मवर्षाच्या आसपासच्या पाटीपाशी थांबलो आणि बर्फाकडे पाहिले, तर मध्ये बरेच अंतर होते. जहाजावर व्याख्यानात हीच माहिती ऐकली होती, पण ती पायांखालून गेल्यावर कळली.

खर्चाबाबत एवढेच म्हणतो की जमिनीवरचा प्रवास महाग होतो तो प्रामुख्याने क्रूझ कंपन्यांच्या एकत्रित पॅकेजमुळे. सिवर्ड, अँकरेज, डेनाली आणि फेअरबँक्स यांना जोडणाऱ्या अलास्का रेलरोडच्या गाडीत काचेच्या छताच्या डब्यांबरोबर साधे डबेही असतात, आणि खिडकीबाहेरचा प्रदेश दोन्हींना एकच असतो. शिवाय अँकरेज ते डेनाली बसही धावतात, आणि रस्ता चांगला असल्याने भाड्याची गाडीही घेता येते.

तिसरा मुद्दा, किनाऱ्यावरच्या सहली जहाजाकडूनच घ्याव्यात हा, अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्याची नीट फोड करायला हवी. जहाजाने विकलेली सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते, आणि स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही, हे खरे आहे. म्हणून बंदरापासून दूर नेणारी, परत येण्यास एकच वाट असलेली सहल जहाजाकडून घेणे शहाणपणाचे आहे. परंतु केचिकनमध्ये क्रीक स्ट्रीटवर लाकडी खांबांवर उभी असलेली घरे आणि त्यांच्याखालच्या ओढ्यातून प्रवाहाविरुद्ध चढणारे सॅमन मासे पाहायला धक्क्यापासून चालत जाता येते. जुनोची मेंडेनहॉल हिमनदी बंदरापासून सुमारे वीस किलोमीटरवर आहे आणि तिथे शटल जातात. जुनोलाच ऑक बे येथून व्हेल दाखवायला निघणाऱ्या स्थानिक बोटी आहेत. त्यांतील लहान बोटींत माणसे कमी असतात, सगळ्यांना कठड्याशी जागा मिळते. बोट लहान असो वा मोठी, अलास्काच्या पाण्यात हंपबॅक व्हेलपासून शंभर यार्डांच्या आत जाण्यास बंदी आहे, तेव्हा जो चालक ‘अगदी जवळ नेतो’ असे आश्वासन देतो त्याच्याकडे जाऊच नये. हूना गावाजवळचे आयसी स्ट्रेट पॉइंट हे बंदर तर तेथील मूळच्या लिंगिट लोकांच्या संस्थेच्याच मालकीचे आहे.

जहाज चुकते त्याचे कारण बहुतेक वेळा सहल कुणाकडून घेतली हे नसते, तर घड्याळ असते. अलास्काची वेळ सिएटल आणि व्हँकुव्हरच्या वेळेपेक्षा एक तासाने मागे आहे, आणि काही जहाजे बंदरातही स्वतःचीच वेळ पाळतात. मोबाइल मात्र किनाऱ्यावर पाय ठेवताच स्थानिक वेळ दाखवू लागतो. आमच्या पहिल्या प्रवासात एक वृद्ध जोडपे अगदी निवांत चालत धक्क्यावर आले तेव्हा शिडी उचलायला घेतली होती, आणि त्यांच्या मोबाइलप्रमाणे त्यांच्या हाती अजून तासभर होता. उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवणे, आणि स्वतंत्र सहल असेल तर तिच्या व जहाजाच्या वेळेत किमान दीड-दोन तास राखणे, एवढ्याने काम भागते. हेलिकॉप्टर किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची सहल हवामानामुळे ऐनवेळी रद्द होऊ शकते, म्हणून पैसे परत मिळण्याची अट आधी वाचावी आणि त्या दिवसासाठी पायी करण्याजोगे काहीतरी मनात योजून ठेवावे.

मे ते सप्टेंबर सारखेच असतात, या चौथ्या मुद्द्याचा उगम मला खरोखर कळलेला नाही. आग्नेय अलास्कात मे आणि जून हे तुलनेने कोरडे महिने असतात, डोंगरांवर भरपूर बर्फ शिल्लक असते आणि उजेड मावळतच नाही असे वाटते. जूनमध्ये जुनोला सुमारे अठरा तासांचा दिवस असतो. याच कारणाने त्या काळात उत्तरध्रुवीय प्रकाश पाहण्याची आशा धरू नये, त्यासाठी रात्री काळ्या व्हाव्या लागतात आणि ते ऑगस्टच्या अखेरीपासून घडते. ओढ्यांवर सॅमनसाठी जमलेली अस्वले पाहायची तर जुलै-ऑगस्ट गाठावा. डेनालीचा टुंड्रा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला लाल आणि पिवळा होतो, पण उद्यानाच्या बस आणि रेल्वेची उन्हाळी गाडी सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच धावतात. म्हणून क्रम ठरवतानाही तारीख पाहावी: मे महिन्यात जायचे तर समुद्र आधी आणि जमीन नंतर, सप्टेंबरमध्ये जायचे तर जमीन आधी.

उजव्या बाजूच्या बाल्कनीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उत्तरेकडे जाताना मुख्य भूमी उजवीकडे असते एवढे खरे. परंतु इनसाइड पॅसेज हा बेटांमधला मार्ग असल्याने दोन्हीकडे जमीन दिसते, आणि हिमनदीसमोर जहाज सावकाश स्वतःभोवती वळवले जाते. ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या उपसागरात दिवसाला केवळ दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, म्हणून आपल्या जहाजाच्या मार्गात ते नाव स्पष्ट लिहिलेले आहे की नाही हे पाहणे बाल्कनीच्या बाजूपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश नौदल अधिकारी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील लोक तेथे आले तेव्हा हा उपसागर जवळजवळ संपूर्ण बर्फाखाली होता, आणि आज बर्फाची कड गाठण्यासाठी शंभर किलोमीटरच्या आसपास आत जावे लागते. त्या सकाळी केबिनमध्ये न थांबता अंगभर गरम कपडे घालून उघड्या डेकवर जावे. जहाज मंदावले की पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फातून बारीक तडतड ऐकू येते, कढईत मोहरी तडतडावी तशी. वितळताना त्यात शेकडो वर्षे कोंडलेली हवा फुटून बाहेर पडत असते. बंद काचेमागे हा आवाज पोहोचत नाही.

राहिला व्हिसा. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी ध्वजाच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजांना अमेरिकेच्या एका बंदरातून निघून वाटेत परदेशी बंदर न घेता अमेरिकेतच प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि बहुतेक सर्व मोठी क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाचीच असतात. त्यामुळेच सिएटलहून निघणारी जहाजे कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात, आणि एकेरी मार्गाची जहाजे व्हँकुव्हरहून सुटतात किंवा तिथे संपतात. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्यांना म्हणून अमेरिकेबरोबर कॅनडाचाही व्हिसा लागतो. स्कॅगवेहून युकॉनमध्ये जाणाऱ्या सहली कॅनडाची सीमा ओलांडतात, तेव्हा त्या दिवशी पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवून चालत नाही. सिएटलहून जाऊन सिएटललाच परतणार असलात तरी मध्ये अमेरिकेबाहेर जाऊन पुन्हा आत येणे होते, म्हणून अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही पाहून घ्यावे. कॅनडाच्या व्हिसाला लागणारा वेळ ऋतूप्रमाणे बदलतो. जहाजाची पूर्ण रक्कम भरण्याची अंतिम तारीख येण्यापूर्वी तो पासपोर्टवर उमटलेला असेल, अशा बेताने अर्ज करावा.